माटासाठी थाप

हुरमतबीची रिक्षा दारात उभी राहिली आणि घरातल्यांना एकदम कळलं, बातमी श्रीगोंद्यापर्यंत पोचली. पुण्याच्या पाहुणीची दावत होती सोमवारची, आणि ही नणंदबाई रविवारी सकाळी नऊलाच हजर! हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "माट निजला म्हन्तात, खरं का?"

मुबारकबी उंबऱ्यात उभी होती. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "खरं हाय, आपा. कालपासनं निजलाय."

"या अल्ला!" हुरमतबीनं कपाळाला हात लावला. "माझ्या बापाच्या वक्ताला कंदी असं झालं न्हवतं."

आता हे काही तितकंसं खरं नव्हतं. तिच्या बापाच्या वक्ताला माट दोनदा निजला होता. पण माहेरची गोष्ट निघाली की हुरमतबीला हिशेब आठवत नसे, आणि मुबारकबीला तो काढून दाखवायची हौस नव्हती. तिनं पिशवी उचलली आणि नणंदेला सरळ माटघरात नेलं.

मिरजगावच्या रंगरेजांचं माटघर म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. बाहेरच्या शेडमध्ये आकिबची बॉयलरवाली रंगाई चालायची. तिथं डबे, पुड्या, मोटारी, सगळा कालचा आजचा कारभार. माटघरात मात्र एकच धनी, थोरला माट. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, मोठा माणूस उभा राहिला तर छातीपर्यंत बुडेल एवढा. १९२१ साली पीरमहंमद रंगरेजांनी तो इथं पुरला, त्यात निळीची वडी, चुन्याची निवळी, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी घातलं, आणि ते आंबवलं. आंबलेलं जिवंत राहिलं तरच सुताला रंग चढतो. घरातली बाई दह्याचं विरजण राखते तसा रंगरेजांनी हा माट राखला. एकशे चार वर्षांत तो पुरता कधी उपसला नाही. बहात्तर सालच्या दुष्काळात घरातली माणसं एका घागरीवर अंग धुवायची, पण माटाचं पाणी कमी पडू दिलं नाही. या घराला कसला गर्व असेल तर तो एवढाच, आणि एवढा गर्व कुणालाही पुरावा.

तो माट आता निजला होता. वर मोरपंखी साय धरायची तिथं पांढरट, मेलेला फेस. खालचं पाणी हिरवट पिवळं हवं, ते काळपट निळं. वास तर नाहीच.

माटाभोवती घरातली सगळी जमली होती. नूरमहंमद भिंतीशी लाकडी खुर्चीवर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, दाढी पांढरीशुभ्र, अंगात इस्त्रीचा कुडता. बाहेरच्या फलकावर नाव त्यांचंच: उस्ताद नूरमहंमद रंगरेज. त्यांचा मुलगा आकिब मोबाईल या हातातून त्या हातात करत होता. आकिबची मुलगी अरफा, नगरला शिकणारी, माटाच्या काठाशी उकिडवी बसून पाण्याकडे बघत होती.

"उद्या दहाला मॅडम येनार," आकिब म्हणाला. "काय करायचं ते लवकर ठरवा."

मॅडम म्हणजे पुण्याच्या लीना मॅडम. हातमागाच्या सुती साड्यांचं त्यांचं दुकान. उद्या त्या येणार, स्वतःच्या हातानं एक लडी माटात बुडवून बघणार, आणि पसंत पडली तर पुढली दोन वर्षं त्यांच्या साड्यांचं सगळं निळं सूत या माटातून जाणार. वर प्रत्येक साडीला एक चिठ्ठी असणार: हा रंग अमक्या उस्तादांच्या माटातला, मुक्काम मिरजगाव. नमुन्याची चिठ्ठी आकिबनं छापूनही आणली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"मी सांगतो," आकिब म्हणाला, "शेडमधली हायड्रो केमिकलची पुडी टाकतो. वर तयार नीळ. दोन तासांत पानी उठतंय. मॅडमला काय कळनार?"

"माझ्या माटात पुडी पडली तर मी त्याच्यात उडी टाकीन," मुबारकबी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. हुरमतबीनं भुवई वर केली. "तुझ्या माटात?"

मुबारकबीनं नजर माटाकडं वळवली. "आपल्या," ती म्हणाली. "आपल्या माटात म्हनायचं हुतं."

"पुडी न्हाई टाकायची," भिंतीकडून नूरमहंमद बोलले. आवाज खोल गेलेला, पण हुकमाचा. आकिबनं मान खाली घातली. बापापुढं त्याचं काही चालत नसे, हे त्याचं मोठेपण होतं.

मुबारकबीनं जेठांकडे पाहिलं. नूरमहंमद तिच्या मयत नवऱ्याचे थोरले भाऊ. ते तिच्याकडे बघत नव्हते. गुरुवारपासून बघत नव्हते.

गुरुवारी काय झालं त्याचा अर्थ या खोलीत एकट्या मुबारकबीला ठाऊक होता, जेठांना असलाच तर नुसता संशय. लीना मॅडमनी सांगितलं होतं, उस्ताद माटाची काळजी कशी घेतात त्याचा व्हिडिओ पाठवा. अरफानं मोबाईल धरला. नूरमहंमद नवा कुडता घालून माटाशी उभे राहिले. "चुना घाला ना, बडे अब्बा, छान दिसंल," अरफा म्हणाली. त्यांनी बाह्या सारल्या आणि चुन्याची अख्खी मूठ माटात सोडली. मग दुसरी. मग, मोबाईलचा अँगल चुकला म्हणून, तिसरी. माटाला लागतो चिमूटभर! मुबारकबी तीन हात अंतरावर उभी होती. तिच्या घशाशी शब्द आला, "बास करा, भाईजान." पण पोरीच्या देखत, चालू व्हिडिओत, उस्तादाला चुना किती घालायचा ते सांगायचं कसं? अठ्ठावीस वर्षं झाकलेली मूठ सव्वा लाखाची होती, ती तीन मुठी चुन्यासाठी उघडायची? ती गप्प राहिली. हात दाखवून अवलक्षण झालं ते असं.

झाकलेली गोष्ट अशी होती. माट राखायची जाण नूरमहंमदांना कधीच नव्हती. ती होती त्यांच्या धाकट्या भावाला, दस्तगीरला. नाकानं हुंगून, बोटाचा थेंब जिभेवर घेऊन दस्तगीर सांगायचा, आज गूळ मागतोय, आज चुना मागतोय. नूरमहंमद बाजार बघायचे. बोलणं गोड, चालणं रुबाबदार, येवल्यापासून सोलापूरपर्यंत त्यांच्या शब्दावर सुताची गाठोडी यायची. सत्त्याण्णव साली दस्तगीर तीन दिवसांच्या तापानं गेला. चाळिसाव्या दिवशीच व्यापारी कुजबुजायला लागले, की माट आता गेला. दस्तगीरची जाण एव्हाना त्याच्या बायकोच्या जिभेवर आली होती, पण तेहेतीस वर्षांच्या विधवेच्या जिभेवर कोण सूत सोडणार? तेव्हा नूरमहंमदांनी पेठेत उभं राहून सांगितलं, "माट मी राखतो." घरी येऊन तिला म्हणाले, "दुल्हन, तू नुसतं हळू बोलत जा. मोठ्यानं मी बोलीन." तिनं मान डोलावली. पोट सगळ्या घराचं होतं.

तेव्हापासून रोज पहाटे ती माटात बोट बुडवायची, चव घ्यायची, आणि चहाचा कप खुर्चीशी ठेवताना पुटपुटायची, "गूळ मागतोय वाटतं." मग नूरमहंमद घरभर ऐकू जाईल असं ओरडायचे. घराला वाटायचं, हात चाचीचे आणि अक्कल बापाची. आणि खरं सांगायचं तर मुबारकबीला त्याचं फारसं दुःख नव्हतं. रंग उतरायचा तो तिच्या हातून, आणि उतरायचा असा, की व्यापारी लडी उन्हात धरून गप्प व्हायचे. ते गप्प होणं तिला पुरायचं. निदान आजवर पुरत होतं. पण ती छापून आणलेली चिठ्ठी बघितल्यापासून ते पुरेनासं झालं होतं. प्रत्येक साडीवर, दोन वर्षं!

"मंग आता थाप," हुरमतबीनं निकाल दिला. "भाईजान, उठा."

अरफानं मान वर केली. "कसली थाप, फुफीदादी?"

"तुझ्या बापानं तुला कायबी शिकवलं न्हाई का गं? माट निजला की उस्तादानं गावात थाप सोडायची. दिवस मावळायच्या आत ती वेशीबाहेर गेली पायजे. मंग माट उठतो. रंगरेजाची रीत हाय."

रंगरेजांच्या घराण्याचा इतिहास लिहायचा झाला तर तो थापांचाच लिहावा लागेल. पीरमहंमदांनी पहिल्यांदा माट निजला तेव्हा उठवली, कर्जतच्या मामलेदाराच्या घोड्याला शिंगं फुटली. चार गावची माणसं बघायला पायी गेली, आणि मामलेदारानं घोडा तबेल्यात कोंडून ठेवला म्हणून सगळ्यांना ते आणखीच खरं वाटलं. नूरमहंमदांच्या बापानं सांगितलं, पेडगावच्या डोहात सोन्याची होडी दिसली. पोहता येत नाही असेही पाण्यात उतरले. दस्तगीरची थाप एकोणनव्वद सालची: मिरजगावला विमानतळ होणार. ती इतकी चालली की एका शेतकऱ्यानं बांधावरची बाभळ तोडून टाकली, विमानाला अडचण नको म्हणून. त्यानंतर मात्र थाप नाहीच. मुबारकबीच्या हाताखाली माट एकदाही निजला नव्हता.

"आणि थाप माट राखनाराच्याच तोंडची लागते," हुरमतबी पुढं म्हणाली. "दुसऱ्याची लागू पडत न्हाई. उठा, भाईजान. तुमच्यासारखं बोलनार कोन हाय?"

नूरमहंमद उठले नाहीत. त्यांनी दाढीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग म्हणाले, "दुल्हन जाईल."

"काय?"

"थाप दुल्हन सांगंल."

"अहो, पन उस्ताद तुमी!"

"उस्तादच सांगतोय नव्हं? दुल्हन जाईल." एवढं बोलून ते उठले आणि काठी टेकत आपल्या खोलीत गेले.

हुरमतबी आ वासून राहिली. आकिब हसला. "चाची आनि थाप? चाचीनं आजवर बसकंडक्टरला नातवाचं वय कमी सांगितलं न्हाई!"

मुबारकबीला काही सुचेना. जेठांनी हे का केलं? लाज वाटली म्हणून? की खरंच रीत पाळली? तिनं मनातला घोळ बाजूला सारला. आधी माट. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं. बुळबुळीत, तिखट. चुन्यानं माटाची झोप जड केली होती. तिनं वरचं पाणी आठ बादल्या काढून टाकलं, गव्हाचा कोंडा कढवला, त्यात गुळाची ढेप फोडून विरघळवली, टाकळ्याचं बी शिजवून कोमट असतानाच ओतलं. माटाच्या गळ्याभोवती भुश्याचा विस्तव पसरला, तोंडावर गोधडी टाकली. हे सगळं करताना ती माटाशी बोलत होती. "ऊठ रे बाबा. माझी नको, त्या म्हाताऱ्याची लाज राख." मग हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि थाप सोडायला निघाली.

थाप सोडायची तर रंगुबाईकडं. हायवेच्या फाट्यावर तिचं चहाचं हॉटेल. नगरला जाणारी आणि तिकडून येणारी प्रत्येक एसटी तिथं थांबायची, आणि रंगुबाईच्या कानात पडलेलं दोन तासांत करमाळ्याला पोचायचं.

"ये गं मुबारक. माट उठला का?" रंगुबाईनं पातेल्यात पळी फिरवत विचारलं.

"न्हाई अजून."

"मंग थाप सोडायला आलीस व्हय?" रंगुबाईचे डोळे चमकले. तिच्या सासूनं सोन्याच्या होडीसाठी पेडगावची वाट धरली होती. "सांग सांग. म्हातारा का न्हाई आला?"

मुबारकबी बाकड्यावर बसली. घोडा, होडी, विमान. तिनं डोकं खाजवलं. कुठं काय उगवलं, कुणाला काय फुटलं म्हणावं? एक थाप सुचेल तर शपथ. मनात फिरत होत्या त्या तीन मुठी चुन्याच्या, आणि ती छापील चिठ्ठी, आणि 'तुझ्या माटात?' म्हणताना वर गेलेली नणंदेची भुवई. आणि तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

"रंगुबाई, तो माट मी राखते. दस्तगीर गेले तवापासनं मीच राखते. अठ्ठावीस वर्सं. भाईजानांना चुना किती घालायचा तेबी ठावं न्हाई."

बोलली आणि तिचं तिलाच कळलं, काय बोलले ते.

रंगुबाईची पळी हातातच राहिली. आणि मग अशी हसली, अशी हसली, की डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. "अगं बया बया! ह्याला म्हनायचं थाप! नूरभाईला चुना कळत न्हाई! अरे वैजनाथ, ऐकलंस का रे?" तिनं बाकड्यावरच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. "मुबारकबी म्हन्ती, उस्ताद तीच!"

वैजनाथ चहा ठसक्यात सांडून हसला. "लई भारी. कर्जतला सांगतो."

मुबारकबी उठली. "रंगुबाई, मी..."

"जा तू, जा. दिवस मावळायच्या आत करमाळ्याला पोचवते."

मुबारकबी घराच्या वाटेला लागली. जन्मात एकदा मोठ्यानं खरं बोलली, आणि गाव हसलं. राग आला, रडू आलं, आणि वर भीती. ज्या माणसानं दस्तगीरच्या माघारी तिला नि तिच्या दोन पोरींना तळहातावर राखलं, पोरींची लग्नं बापाच्या जागी उभं राहून लावली, त्याचीच ती चारचौघांत थट्टा करून आली होती.

ती घरी पोचायच्या आत थाप पोचली होती. आकिबच्या मोबाईलवर तिघांचे फोन येऊन गेले. तो पोट धरून हसत होता. "चाची, मानलं! विमानतळापेक्षा मोठी!"

हुरमतबीला मात्र हसू नव्हतं. "दुसरं काय न्हाई सुचलं? वाघ म्हनायचा, भूत म्हनायचं. घरच्या मानसाच्या नावावर थाप? चार तालुक्यांत ज्याचं नाव हाय, त्याचं?"

"चुकलं, आपा."

"चुकलं म्हनून काय उपेग? माट उठला तर बरं. मंग निदान थाप हुती म्हनता येईल."

अरफा मोबाईलमध्ये गुरुवारचा व्हिडिओ बघत होती. एकदा बघितला, मागं नेला, परत बघितला. मग तिनं मान वर करून छोट्या दादीकडं बघितलं, आणि मुबारकबीनं नजर चुकवली.

दिवेलागणीला ती जेठांच्या दारात गेली. ते पलंगावर बसले होते, पुढ्यातलं ताट तसंच.

"भाईजान, माफ करा. मला दुसरं कायच सुचलं न्हाई."

"वेशीबाहेर गेली का?"

"गेली. करमाळ्यापर्यंत."

"मंग झालं," ते म्हणाले. रागानं नाही, मायेनंही नाही. एवढंच म्हणाले आणि ताट पुढं ओढलं. तिला त्यांच्या तोंडावरून काही वाचता आलं नाही.

सोमवारी सकाळी गोधडी काढली. मुबारकबीनं आधी वास घेतला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माट जागा होता! वर तांबूस, मोरपंखी साय, मधोमध निळ्या फेसाचं फूल. बोट बुडवून चव घेतली. गोडसर, किंचित उग्र, जशी दस्तगीरनं पहिल्यांदा तिला चाखायला लावली होती तशी. ती तिथंच जमिनीवर बसली. या वयातही हात विसरले नाहीत, याचा तिला असा अभिमान वाटला, की मेल्या नवऱ्याला हाक मारून दाखवावं.

दहाला लीना मॅडम आल्या. सुती साडी, पायात साध्या चपला, बोलणं पुण्याचं. माटघरात पाऊल टाकताना त्यांनी चपला बाहेर काढल्या, तेवढ्यावरच हुरमतबीनं त्यांना पास केलं. मुबारकबीनं ओली पिळलेली लडी त्यांच्या हातात दिली. "हळू सोडा. फेस मोडू नका. आत धरा, पान्यात हवा जाऊ देऊ नका."

मॅडमनी लडी बुडवली, धरली, वर काढली. सूत बाहेर आलं ते हिरवट पिवळं. आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हवेनं ते निळं व्हायला लागलं, आधी कडेला, मग आत, आणि शेवटी सगळी लडी गर्द निळी.

मॅडम गप्प झाल्या. मुबारकबीला ते गप्प होणं ओळखीचं होतं.

"असा निळा मी कुठंच पाहिला नाही," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "आपलं ठरलं, आकिबभाई."

"अल्हमदुलिल्लाह!" हुरमतबीनं दोन्ही हात वर केले. "लागू पडली! थाप लागू पडली!"

"कसली थाप?"

मग काय, आकिबनं तिखटमीठ लावून सगळी रीत सांगितली, घोड्यापासून विमानापर्यंत. "आनि काल आमच्या चाचीनं गावभर काय उठवलं म्हाइतीये? म्हनं माट तीच राखते, अब्बाला कायच कळत न्हाई! माट उठनार न्हाई तर काय करंल, मॅडम? एवढी मोठी थाप आजवर कुनी मारली न्हवती."

मॅडम हसल्या. सगळे हसले. मुबारकबी खाली बघून लडी पिळत राहिली. माट उठला नसता, तर तिचं बोलणं खरं ठरलं असतं आणि घर बुडालं असतं. माट तिनं उठवला, आणि घराण्याच्या रीतीनंच साक्ष दिली, की ती थाप होती. आता जन्मात कुणी खरं मानायचं नाही. बरं, न मानू देत. निळा तर डोळ्यांपुढं होता.

"काका, इकडे या ना, माटाजवळ," मॅडम म्हणाल्या. "फोटो घेते. चिठ्ठीवर नाव तुमचंच घालायचं ना, उस्ताद नूरमहंमद?"

नूरमहंमद काठी टेकत आले. माटाशी उभे राहिले. पण मोबाईलकडे न बघता पाण्याकडे बघत राहिले.

"मॅडम, ती थाप न्हवती."

"अब्बा, मजा झाली, आता..."

"तू गप बस, आकिब. गुरुवारी ह्याच्यात तीन मुठी चुना मी घातला. लागतो चिमूटभर, हे मला आज पहाटे अरफानं सांगितलं तवा कळलं. तिनं रातीच दुल्हनला इचारून घेतलं हुतं, चुना किती लागतो ते." ते थांबले, श्वास घेतला. "माट मी निजवला. उठवला हिनं. काल न्हाई नुसता, अठ्ठावीस वर्सं रोज उठवतीया."

हुरमतबीच पहिली सावरली. "काय बोलताय, भाईजान? ती खरं बोलली असती तर माट उठला असता का? थाप सुटली म्हनूनच उठला!"

"थाप सुटली हुती, हुरमत. पन ती काल रंगुबाईकडं सुटलेली न्हवं." म्हाताऱ्याचा आवाज आता घरभर ऐकू जाईल असा चढला. "दस्तगीर गेला त्या साली मी पेठेत उभा ऱ्हाऊन सांगितलं, माट मी राखतो. येवल्यानं मानलं, सोलापूरनं मानलं, तू मानलंस, ह्या माझ्या पोरानं मानलं. आपल्या बापजाद्यांच्या थापा चार चार दिस टिकल्या. माझी अठ्ठावीस वर्सं टिकली! मंग उठनार न्हाई तर काय करंल माट? थाप मारली की अब्बा मशिदीत जाऊन तोबा करायचे, माफी मागायचे. माझी तोबा तेवढी ऱ्हायली हुती. ती आज सगळ्यांदेखत केली."

आणि ते रडायला लागले. आकिब पुढं झाला, पण त्याच्या आधी मुबारकबी पोचली. जेठाच्या अंगाला तिनं आजवर हात लावला नव्हता. आज तिनं त्यांचा कोपर घट्ट धरला. निळे ओले हात, पांढऱ्या कुडत्याला डाग पडला.

"भाईजान, तुमी मोठ्यानं बोललात म्हनून सूत आलं," ती म्हणाली. "सूत आलं म्हनून माट जगला. ती थाप न्हवती माझ्यासाठी."

"हुती, दुल्हन. तुला म्हाईत हाय, हुती."

हुरमतबी कधीची एकाच जागी उभी होती. सगळ्यांना वाटलं, आता ही तोंड सोडणार. तिनं पदरानं नाक पुसलं, मुबारकबीला आपादमस्तक न्याहाळलं, जणू काल घरात आलेल्या सुनेला बघतेय. मग मॅडमकडं वळली. "बाई, चिठ्ठीवरचं नाव बदला. आनि ऐका, आमच्या दस्तगीरचं नाव मधी आलं पायजे. माट राखायची जान त्यानं दिलीया हिला."

लीना मॅडमनी पर्समधून पेन काढलं. आकिबनं छापून आणलेली नमुन्याची चिठ्ठी उलटी करून कोऱ्या बाजूनं तळहातावर धरली. "सांगा, नाव काय घालू?"

"चाचीचं नाव लिवा, मुबा..." आकिबनं सुरुवात केली.

"थांब," मुबारकबी म्हणाली. "मी सांगते."

त्या खोलीत ती एवढ्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. बाहेर शेडमधले कामगारही दारापाशी आले.

"मुबारकबी दस्तगीर रंगरेज. मुक्काम मिरजगाव. आनि मॅडम, चाची न्हाई, काकी न्हाई, विधवा-बेवा तर अजाबात न्हाई. म्होरं उस्ताद लिवा."